रोगजंतूंचें नांव कसें वाचतात?

ताप हा शब्द एक आहे, पण त्यामागें दडलेले रोग अनेक आहेत. अंग तापणें, डोकें दुखणें, अन्न नकोसें होणें, इतकीं लक्षणें हिंवतापांत असतात, विषमज्वरांत असतात आणि डेंग्यूंतहि असतात. पावसाळ्यांत पंचवटींतील एखाद्या दवाखान्याच्या बांकावर चार रोगी शेजारीं शेजारीं बसलेले असतात; चौघांचेंहि कपाळ सारखेंच तापलेलें असतें; परंतु चौघांचा शत्रु एकच असेल असें मात्र नाहीं. हिंवतापाचें औषध विषमज्वरास चालत नाहीं, आणि विषमज्वराचें औषध डेंग्यूस लागू पडत नाहीं. म्हणून वैद्याचें पहिलें काम औषध देणें हें नसून रोग ओळखणें हें होय. या ओळखण्यासच निदान म्हणतात. गेल्या चाळीस वर्षांत निदानाची एक नवी रीति निघाली आहे. ती जंतूचें रूप पाहत नाहीं, तर जंतूच्या अंगीं असलेला लेख वाचते. तिची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, हा या लेखाचा हेतु आहे.

निदान अनिश्चित राहिलें म्हणजे केवढा अनर्थ होतो, याचें उदाहरण आपल्याच भागांत घडलें आहे. १९९४ सालीं बीड जिल्ह्यांतील मामला या खेड्यांत गांठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत सुरत शहरीं फुप्फुसाच्या प्लेगचा बोभाटा झाला. लक्षावधि लोक सुरत सोडून निघून गेले. कित्येक परदेशांनीं भारताशीं विमानांची ये-जा बंद केली. हा खरोखर प्लेग कीं दुसराच कांहीं रोग, याविषयीं जाणत्या माणसांतहि वाद माजला. त्या सांथींत मिळविलेल्या जंतूंचें जनुकीय लेखन हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं वाचलें, आणि तो प्लेगचाच जंतु असल्याचा पुरावा २००० मध्यें प्रसिद्ध केला. उत्तर बिनचूक होतें. पण भयभीत लोक गांठोडीं बांधून निघाले त्या रात्रीं तें कोणाच्याहि हातीं नव्हतें. निदान नुसतें खरें असून भागत नाहीं. तें वेळेवर मिळावें लागतें.

जुन्या रीति कोणत्या होत्या, हें प्रथम पाहूं. क्षयरोग एका विशिष्ट जंतूपासून होतो, हें रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानें बर्लिन येथें २४ मार्च १८८२ रोजीं जाहीर केलें. तेव्हांपासून क्षयाच्या निदानाच्या दोन रीति रूढ झाल्या. पहिली डोळ्यांनीं पाहण्याची. रोग्याचा बेडका कांचपट्टीवर पसरावा, त्यास ठराविक रंग द्यावा आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहावें. ही रीति स्वस्त आणि सोपी खरी. पण एका मिलिलिटर बेडक्यांत जंतु पांच ते दहा हजार असतील तेव्हांच ते दिसण्याचा भरंवसा. त्याहून कमी असले तर पट्टी कोरी दिसते, आणि रोगी निरोगी समजला जातो. दुसरी रीति जंतूंची लागवड करण्याची. अंडीं घालून तयार केलेल्या पोषक द्रव्यावर बेडका पेरावयाचा आणि जंतु वाढण्याची वाट पाहावयाची. येथें अडचण वेळाची. आंतड्यांतील एखादा सामान्य जंतु अनुकूल स्थितींत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूस तेवढ्यासाठीं जवळजवळ एक दिवस लागतो. त्यामुळें त्याची वाढ डोळ्यांस दिसण्यास कित्येकदां सहा ते आठ आठवडे जातात. तितक्या अवधींत गोदाकांठचा माळी मेथीचें एक पीक काढून दुसरें पेरतो. रोगी मात्र तोंवर खोकत असतो, आणि घरांतील मंडळी त्याच हवेंत श्वास घेत असतात.

नवी रीति समजण्यास जंतूच्या अंगींचा लेख म्हणजे काय, हें समजलें पाहिजे. प्रत्येक सजीवाच्या पेशींत डी. एन. ए. नांवाच्या द्रव्याचा एक अतिसूक्ष्म धागा असतो. त्याची रचना जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनीं १९५३ मध्यें उलगडून दाखविली. रोझलिंड फ्रँकलिन या विदुषीच्या प्रयोगशाळेंत निघालेल्या क्ष-किरणचित्रांचें त्या कामीं मोठें साहाय्य झालें. आपल्या बाराखडींत कितीतरी अक्षरें आहेत. या लेखांत मात्र अक्षरें चारच, आणि त्यांस ए, टी, जी व सी अशीं नांवें आहेत. धागे दोन असून त्यांस एकमेकांचा पीळ असतो. एका धाग्यावर जेथें ए असेल तेथें समोर टी यावयाचा, आणि जेथें जी असेल तेथें समोर सी. म्हणून एक धागा हातीं आला तर दुसरा कसा असेल तें सांगतां येतें. हा जोडीचा नियम वाचकांनीं नीट ध्यानांत ठेवावा. पुढील सारी करामत याच नियमावर उभी आहे.

क्षयाच्या जंतूचा लेख सुमारें ४४ लाख अक्षरांचा आहे. तो १९९८ मध्यें संपूर्ण वाचून प्रसिद्ध झाला. करोना विषाणूचा लेख त्या मानानें अगदीं आंखूड, म्हणजे सुमारें ३० हजार अक्षरांचा. तो जानेवारी २०२० मध्यें जगापुढें आला. सूक्ष्मदर्शकाखालीं दोन निरनिराळे जंतु हुबेहूब सारखे दिसूं शकतात. पण त्यांच्या लेखांत कांहीं ओळी अशा असतात कीं त्या त्याच जातींत सांपडतात, इतरांत सांपडत नाहींत. ती ओळ सांपडली म्हणजे जंतूचें नांवच वाचल्यासारखें होतें.

परंतु ती सांपडावी कशी? रोग्याच्या नमुन्यांत जंतु मूठभर आणि रोग्याच्या स्वतःच्या पेशी असंख्य. पंचवटींत रामरथ निघाला असतां त्या गर्दींत चुकलेलें एक पोर शोधावें, तसें हें काम आहे. यावर कॅरी मलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें १९८३ मध्यें एक युक्ति काढली. पोर सांपडत नाहीं ना, मग त्या पोराच्याच शंभर कोटि प्रतिमा कराव्या, म्हणजे गर्दींत दुसरें कोणी दिसणारच नाहीं! या युक्तीस पॉलिमरेज चेन रिअॅक्शन किंवा थोडक्यांत पी. सी. आर. असें म्हणतात. तिच्याबद्दल मलिस यांस १९९३ मध्यें रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

तिच्या पायऱ्या तीन. प्रथम नमुना सुमारें ९५ अंशांपर्यंत तापवितात. त्या उष्णतेनें पिळलेले दोन धागे सुटे होतात. मग तो ६० अंशांच्या आसपास निवूं देतात. त्यांत शोधावयाच्या ओळीशीं जुळणारे वीस-पंचवीस अक्षरांचे तुकडे आधींच घातलेले असतात; ते आपल्या जोडीची जागा हुडकून तेथें चिकटतात. गीतांच्या पुस्तकाच्या अखेरीस पहिल्या चरणांची सूचि असते, आणि आरंभींचे दोन शब्द आठवले कीं गीत सांपडतें. तसें या तुकड्यांचें काम आहे. नंतर उष्णता ७२ अंशांच्या सुमारास नेतात, आणि एक विकर त्या तुकड्यापासून पुढें जोडीच्या नियमानें अक्षरास अक्षर लावीत नवा धागा विणतें. इतक्या आंचेनें बहुतेक विकरें नासून जातात. पण आपल्याकडे वज्रेश्वरीस आहेत तसे उष्ण झरे अमेरिकेंत यलोस्टोन येथें आहेत. तेथील कढत पाण्यांत राहणाऱ्या एका जंतूचें विकर ही आंच सोसतें, आणि तेंच या कामीं योजितात.

अशी एक फेरी झाली कीं एकाचे दोन होतात. दुसऱ्या फेरींत चार, तिसरींत आठ. दहा फेऱ्यांत १,०२४. वीस फेऱ्यांत १०,४८,५७६. आणि तीस फेऱ्यांत १,०७,३७,४१,८२४, म्हणजे शंभर कोटींहून अधिक. विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः वहींत करून पाहावा. प्रत्यक्षांत प्रत्येक फेरी पुरती साधतेच असें नाहीं. तरी वाढ अफाट होते. मिश्रणांत एक चमकणारें द्रव्यहि घातलेलें असतें. प्रती वाढतात तसतसा त्याचा उजेड वाढतो आणि यंत्र तो मोजतें. उजेड जितक्या थोड्या फेऱ्यांत दिसेल, तितके मूळ नमुन्यांत जंतु अधिक.

कांहीं विषाणूंचा लेख डी. एन. ए. चा नसून आर. एन. ए. या त्याच्या भावंडाचा असतो. डेंग्यू, इन्फ्लुएंझा व करोना हे त्यांपैकीं होत. त्यांचा लेख प्रथम डी. एन. ए. मध्यें उतरवून घ्यावा लागतो, आणि मग वर सांगितलेल्या फेऱ्या चालतात. सांथीच्या दिवसांत घरोघरीं ऐकूं आलेलें 'आर. टी. पी. सी. आर.' हें नांव या दुहेरी क्रियेचें आहे. जानेवारी २०२० मध्यें करोनाची ही परीक्षा भारतांत प्रथम पुण्याच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ व्हायरॉलॉजी या संस्थेंत होऊं लागली. ३० जानेवारी रोजीं केरळांतील पहिल्या रोग्याचें निदान तेथेंच ठरलें. पुढें मार्चांत पुण्याच्याच मायलॅब या कंपनीनें बनविलेल्या परीक्षासंचास मान्यता मिळाली. मान्यता मिळालेला तो पहिला भारतीय संच होता.

आतां ज्या रोगासाठीं ही विद्या आम्हांस सर्वांत अगत्याची वाटते, त्या क्षयाकडे पुनः वळूं. डिसेंबर २०१० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें क्षयाच्या निदानासाठीं एका नव्या यंत्राची शिफारस केली. आपल्या सरकारी दवाखान्यांत त्यास सीबीनॅट म्हणतात. बेडका एका औषधी द्रवांत मिसळून बंद कार्ट्रिजमध्यें घालतात आणि तें यंत्रांत ठेवतात. जंतु फोडणें, तापविणें, निवविणें, मोजणें हें सारें आंतल्या आंत होतें. सुमारें दोन तासांत उत्तर मिळतें. एका मिलिलिटरांत दीडशेंच्या आसपास जंतु असले तरी या यंत्रास पुरतात. गोव्याच्या मोलबायो कंपनीनें बॅटरीवर चालणारें ट्रूनॅट नांवाचें लहान यंत्र पुढें आणलें. त्याची शिफारसहि त्याच संघटनेनें २०२० मध्यें केली. जेथें विजेचा भरंवसा नाहीं अशा आरोग्यकेंद्रांतहि तें नेतां येतें.

या परीक्षेंतून दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळतात. हा क्षयाचा जंतु आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि तो रिफँपिसिन या औषधास दाद देईल काय, हा दुसरा. रिफँपिसिन हें क्षयावरील प्रमुख औषधांपैकीं एक आहे. जंतूच्या लेखांत एका जागीं ८१ अक्षरांचा तुकडा आहे. ज्या जंतूंवर हें औषध चालत नाहीं, त्यांपैकीं सुमारें ९५ टक्के जंतूंत याच तुकड्यांत एखादें अक्षर बदललेलें आढळतें. चव्वेचाळीस लाखांत एक अक्षर बदलतें, आणि औषध निकामी होतें! असें होण्याचें एक मोठें कारण म्हणजे अर्धवट उपचार. औषध मध्येंच सोडलें कीं दुबळे जंतु मरतात आणि चिवट तेवढे मागें उरून वाढतात. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ च्या अखेरीस अशा चार रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली कीं ज्यांच्या जंतूंवर परीक्षिलेल्या औषधांपैकीं एकहि चालेना. त्या वार्तेनें सारा देश हादरला. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्याच दिवशीं मिळणें, हें रोग्याच्या जिवाच्या मोलाचें आहे.

येथें पालकांस एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. यंत्र कितीहि चतुर असलें तरी तें सर्वज्ञ नव्हे. एक तर, त्यास जो प्रश्न विचारावा त्याचेंच उत्तर तें देतें. क्षयाची परीक्षा केली आणि जंतु नाहीं असें आलें, तर क्षय आढळला नाहीं इतकाच त्याचा अर्थ. ताप दुसऱ्या कशाचा हें तिनें सांगितलेलें नसतें. दुसरें, नमुना जसा तसें उत्तर. पुष्कळ लोक बेडका म्हणून तोंडांतील लाळ देऊन येतात. सकाळीं उठल्यावर खोल श्वास घेऊन छातींतून खोकून काढलेला बेडकाच दिला पाहिजे, आणि तो मोकळ्या हवेंत, इतरांपासून दूर उभें राहून काढला पाहिजे. तिसरें, जंतु मेला तरी त्याचा लेख कांहीं काळ मागें राहतो, जसें घरधनी वारल्यावरहि दारावरील पाटी राहते. म्हणून उपचार कितपत लागू पडत आहे हें पाहण्यास या परीक्षेवर विसंबत नाहींत. तेथें जुना सूक्ष्मदर्शक व जुनी लागवड याच अधिक विश्वासाच्या. हिंवतापाचें निदानहि रक्ताचा थेंब कांचेवर पाहून आजतागायत उत्तम होतें. नवें आलें म्हणून जुनें टाकाऊ झालें, असें समजूं नये.

वर म्हटलें कीं यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेंच उत्तर देतें. पण प्रश्नच असा केला कीं, 'येथें कोण कोण आहेत?', तर काय होईल? याचें उत्तर आपल्याच गोदामाईनें दिलें आहे. २०१५ च्या सिंहस्थाच्या वेळीं पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स या संस्थेंतील व इतर संशोधकांनीं नाशकास गोदावरीच्या पांच ठिकाणचें पाणी घेतलें. सर्व जीवाणूंत एक जनुक समान असतें, पण त्याचे कांहीं भाग जातीजातींत वेगळे असतात. तेवढें जनुक वाचलें कीं पाण्यांतील जीवाणूंची जणूं खानेसुमारी होते. २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: पर्वकाळांत पाण्यांतील जीवाणूंचा एकंदर भार सुमारें १३० पट वाढला, जातींची विविधता मात्र सुमारें ३७.५ टक्क्यांनीं घटली. नदींत नेहमीं वसणारे जीवाणु मागें पडले, आणि वाढलेला भार मुख्यत्वें माणसांच्या अंगांवरून व शरीरांतून आलेला दिसला. रोगकारक गुणाचीं आणि औषधांस न जुमानण्याचीं जनुकेंहि वाढल्याचें अनुमान निघालें. यांतील प्रत्येक जीवाणु रोग उत्पन्न करतो असें नव्हे. आणि कोणाच्या श्रद्धेचा न्याय करण्यासाठींहि ही परीक्षा नव्हती. तिनें एवढेंच सांगितलें कीं, नदीस जें दिलें तें आपणच दिलें, आणि शेजाऱ्यानें तेंच ओंजळींत घेतलें. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठीं हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. अंगावर जखम असतां, जुलाब होत असतां पाण्यांत उतरूं नये, आणि तें पाणी तोंडांत घेऊं नये, एवढें तरी प्रत्येकाच्या हातीं आहे.

शेवटीं घरची गोष्ट. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एका मुलाच्या थोरल्या भावास खोकला जडला. घरांत बहिणीचें लग्न ठरलें होतें. क्षयाचें नांव निघालें तर सोयरीक मोडेल या धास्तीनें, 'लग्न पार पडूं द्या, मग पाहूं,' असें वडील मंडळींनीं ठरविलें. दुकानांतून खोकल्याच्या बाटल्या येत राहिल्या. लग्न झालें; मांडव उतरला; तोंवर अडीच महिने लोटले होते. मग भावाची परीक्षा झाली, आणि त्याच दुपारीं उत्तर आलें. पण त्यानंतर घरांतील सर्वांस तपासतां धाकट्यासहि रोग लागल्याचें निघालें. दोघेहि औषध पुरें करून बरे झाले. मात्र धाकट्याचें शाळेचें अर्धें वर्ष गेलें. यंत्रास दोन तास लागले. घरास अडीच महिने. शास्त्रानें सहा आठवड्यांचे दोन तास केले. पण भीड आणि भीति यांनीं घातलेला वेळ कोणत्याहि प्रयोगशाळेस परत आणतां येत नाहीं. तो वांचविणें आपल्याच हातीं आहे.

तरी पालकांनीं इतकें करावें. दोन आठवडे खोकला हटला नाहीं, सायंकाळीं ताप येऊं लागला, वजन घटलें, किंवा थुंकींत रक्त दिसलें, तर त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें. तेथें क्षयाची परीक्षा व औषध यांस पैसा पडत नाहीं. डॉक्टरांनीं सांगितलेल्या मुदतीपर्यंत औषध घ्यावें. बरें वाटूं लागलें म्हणून सोडूं नये. घरांत एकास रोग निघाला तर सर्वांनीं तपासून घ्यावें. आणि विद्यार्थ्यांनो, वर्गांतील एखादा सोबती या रोगांतून उठून परत आला तर त्यास बांकावर पूर्वींच्याच जागीं बसवून घ्या. ज्या घरास लोकनिंदेची भीति नसेल, तें घर पुढच्या वेळीं लग्न पार पडण्याची वाट पाहणार नाहीं.